वालिदे आणि नाटकशाळा

इस्तंबूलच्या आशियाई काठावर, उस्कुदारच्या ज्या चढावर मी राहतो, तिथे आतून निळ्या-पांढऱ्या नक्षीदार फरशांनी मढवलेली एक लहानशी मशीद आहे. 1640 साली ती बांधवून घेणारी कोसेम सुलतान ही राजवाड्यात दासी म्हणून आणलेली, बहुधा ग्रीक कुळातली मुलगी. इथल्या लोकांच्या बोलण्यात मात्र ती येते ती 'वालिदे', म्हणजे राजमाता, म्हणूनच. मस्तानी ही बाजीरावांची पत्नी की नाटकशाळा, म्हणजे लग्नाविना ठेवलेली बाई, यावर पुन्हा जुंपल्याचे पुण्याहून मित्र कळवतात, तेव्हा मला हा चढ आठवतो.

त्या काळातले उस्मानी (ऑटोमन) सुलतान सहसा लग्नच करीत नसत. वंश दासींपासून चाले. धन्यापासून मूल झालेली दासी विकता येत नसे, धन्याच्या मृत्यूनंतर ती स्वतंत्र होई, आणि तिचे मूल जन्मतःच स्वतंत्र व वारस ठरे. आपल्या दप्तरांतला 'लेकवळा', म्हणजे दासीपोटी झालेला अनौरस मुलगा, हा शब्द तिथल्या शाहजाद्याला लावताच येत नाही.

कोसेमचा धनी सुलतान पहिला अहमद 1617 साली वारला आणि तिची रवानगी जुन्या वाड्यात झाली. 1623 मध्ये अकरा वर्षांचा मुलगा मुराद गादीवर बसताच ती राजमाता होऊन परतली आणि त्याच्या नावाने तिने अनेक वर्षे कारभार पाहिला. पुढे दुसरा मुलगा इब्राहिम सुलतान झाला. 1648 साली त्याला पदच्युत करायला अखेर तिनेच संमती दिली आणि थोड्याच दिवसांत त्याला ठार मारण्यात आले. नातू मेहमेद अवघा सहा वर्षांचा होता. रीतीप्रमाणे सत्ता त्याच्या आईकडे, तुरहानकडे, जायला हवी होती. कोसेमने ती सोडली नाही, आणि 1651 मध्ये एका रात्री तुरहानच्या पक्षाने तिचा गळा आवळला. कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांची देणी फेडणारी, गरीब मुलींची लग्ने लावून देणारी बाईही हीच. तिचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. ती राजवाड्यात आली ती कोणी तिची मर्जी विचारून नव्हे, एवढे विसरून तिला 'स्त्रीशक्तीचे प्रतीक' म्हणणारे इथेही आहेतच.

आपल्या वादातले दोन्ही पक्ष मात्र एकच गोष्ट गृहीत धरतात, की विधिवत लग्न सिद्ध झाले तर मस्तानीचा मान वाढेल आणि न झाल्यास घटेल. इथे राहून मला वाटू लागले आहे की किल्ली लग्नात नव्हती, मुलाच्या हक्कात होती. आईचे स्थान त्यामागून येई. मस्तानी 1740 मध्ये गेली, तेव्हा तिचा मुलगा शमशेर बहादूर लहान होता. तो पेशव्यांच्या घरच्यांतच वाढला, त्याला सरदारकी मिळाली. पण लग्नाचा अस्सल कागद उद्या हाती आला, तरी पुण्याची गादी त्याच्याकडे आली असती असे कोण म्हणेल? 1761 साली तो पानिपतावर पेशव्यांच्याच बाजूने लढला, आणि त्या जखमांनीच गेला.