आधी निर्णय, मग संशोधन

बाजार संशोधन करून घ्यायचं मनावर घेतलंत, फार चांगलं केलंत. फक्त निर्णय आधी घेऊन ठेवा. मोकळ्या मनाने संशोधन केलं तर त्यातून काहीही निघू शकतं, आणि ते साहेबांना आवडेलच असं नाही.

संशोधन करणाऱ्या एजन्सीला ब्रीफ, म्हणजे कामाची लेखी रूपरेषा, देताना 'इतका प्रतिसाद आला तर उत्पादन बाजारात आणू, कमी आला तर थांबू' असलं काही लेखी देऊ नका. पुढे कोणीतरी ते भर मीटिंगमध्ये वाचून दाखवतं. 'ग्राहकाला समजून घ्यायचं आहे' एवढंच लिहा, त्यात सगळं बसतं. याच विषयावरचे जुने अहवाल कपाटात पडले असतील, तर पडू द्या. फुकटच्या माहितीला वजन नसतं.

खरी करामत प्रश्नावलीत. 'आमचं नवं, सुधारित, वेळ वाचवणारं उत्पादन तुम्हाला कितपत आवडेल?' असं विचारा आणि पर्याय द्या: अतिशय, खूप, बऱ्यापैकी, थोडंसं, नाही. पाचातले चार आपले! 'किंमत आणि दर्जा यांबद्दल समाधानी आहात का?' हाही हुकमी प्रश्न. 'हो' आलं तर श्रेय दोन्हींना, 'नाही' आलं तर दोष सोयीने कुणालाही. 'विकत घ्याल का?' हे जरूर विचारा. 'या कामासाठी मागच्या वेळी काय घेतलंत, कितीला?' हे मात्र चुकूनही नको. होकाराला पैसे पडत नाहीत, म्हणून तर तो ढिगाने मिळतो. आधी थोड्या लोकांवर प्रश्नावली तपासून पाहू, असा आग्रह एजन्सी धरेल. वेळ नाही म्हणा. खरंच नसतो, लाँचची तारीख ठरलेली असते ना.

आता नमुना. मोठ्या लोकसंख्येतून यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे प्रत्येकाला सारखी संधी देऊन, नीट निवडलेल्या ३८५ जणांवरून, ९५ टक्के विश्वासपातळीवर (म्हणजे शंभरदा असं केलं तर साधारण ९५ वेळा), अधिक-उणे ५ टक्क्यांपर्यंतचा अंदाज बांधता येतो, असं संख्याशास्त्र सांगतं. यातलं 'नीट निवडलेल्या' तेवढं गाळा, ३८५ ठेवा. निवडायची दगदग कशाला, सध्याच्या ग्राहकांची ईमेल यादी आहेच. सोडून गेलेल्यांना विचारून उगाच मन खट्टू करून घ्यायचं कशाला?

कोणी शंका काढलीच, तर नमुना सुधारू नका, वाढवा. अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने १९३६च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्या वगैरे जमवून सुमारे एक कोटी मतपत्रिका धाडल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं भाकीत झालं. रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला होता, पण ते जाऊ द्या. स्लाइडवर वीस लाख काय भारदस्त दिसतात!

फोकस ग्रुपही घ्या, म्हणजे मोजक्या ग्राहकांना एकत्र बसवून बोलतं करा. त्यात एक बोलका गृहस्थ असतोच, बाकीचे माना डोलावतात. हे बघायला काचेआड बसलेल्या साहेबांनी तोवर फोन बघावा. आपल्या मनातलं वाक्य कानावर आलं, की लगेच टिपून घ्यावं. अहवालाच्या मुखपृष्ठावर तेच छापायचं आहे.

इतकं करूनही निष्कर्ष उलटा आला, तर 'हे प्रातिनिधिक वाटत नाही' म्हणा. सुलटा आला, तर वाटतं. आणि माल गोदामात पडून राहिला, तर एजन्सी बदला. ब्रीफ तेच द्या.