फाइल आहे, पण नाही

आमचं टूल तसं साधं. गिट म्हणजे फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम. त्याच्या रेपॉझिटरीतल्या (थोडक्यात रेपोतल्या, म्हणजे फाइलींच्या साठ्यातल्या) फाइली इकडच्या तिकडे करायच्या, नावं बदलायची, नको त्या काढायच्या आणि झालेलं सगळं गिटच्या कानावर घालायचं. हलव, बदल, काढ. एवढं लिहून झालं तेव्हा काम संपलं असं सगळ्यांना वाटलं होतं. मग लोकांनी ते वापरायला घेतलं.

लोकांबद्दल माझी तक्रार एकच. ते आधी फाइलींना नावं ठेवतात आणि मग टूलला.

पहिला बग असा आला: 'नाव बदललं, पण बदलत नाही.' प्रश्न कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा होता. लिनक्सच्या लेखी ती दोन वेगळी नावं. विंडोज आणि मॅक मात्र, मुद्दाम सेटिंग बदललं नसेल तर, दोन्ही एकच धरतात. वापरणाऱ्याने फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर स्मॉलचं कॅपिटल करायला सांगितलं. टूलने शिस्तीत विचारलं, 'या नव्या नावाची फाइल आधीच आहे का?' विंडोज म्हणालं, 'आहे की!' होतीच, तीच ती फाइल. स्वतःच्याच वाटेत स्वतः आडवी पडलेली. यावर रूढ तोडगा म्हणजे आधी भलतंच तिसरं नाव द्यायचं आणि मग हवं ते. तो बसवला. मग कुणीतरी नेमकं त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये कंट्रोल-सी दाबून टूल थांबवलं, आणि ते भलतं नावच कायम झालं. हाही बग आमच्याच खात्यात.

उलट प्रकरण त्याहून रंगतदार. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या सोर्समध्ये, नेटवर्कची गाळणी करणाऱ्या नेटफिल्टरच्या फोल्डरात, फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक असलेल्या फाइलींच्या जोड्या आहेत. तो सोर्स साध्या मॅकवर क्लोन केला, म्हणजे त्याची प्रत उतरवून घेतली, की जोडीतली एक दुसरीच्या डोक्यावर बसते आणि गिट लगेच सांगतं, 'तुम्ही फाइलींमध्ये बदल केले आहेत.' अजून हातसुद्धा न लावलेल्या माणसाला! डिसेंबर २०१४ मध्ये तर याच गोंधळातून गिटमधली एक गंभीर सुरक्षा-त्रुटी दुरुस्त करावी लागली. गिटचं स्वतःचं फोल्डर 'डॉट गिट'. कुणी रेपोमध्ये तेच नाव कॅपिटलमध्ये लिहून ठेवलं, तर विंडोज आणि मॅक ते खुशाल खऱ्या फोल्डरात उतरवायचे, आणि आतल्या सेटिंग्जमधून हल्लेखोराच्या कमांड चालायच्या. मॅकची तेव्हाची फाइल सिस्टीम आणखी उदार: नावातली काही अदृश्य अक्षरं ती मोजतच नसे. त्यांत 'वार्‍या'तला अर्धा र नीट दिसावा म्हणून पुष्कळजण घालतात तो अदृश्य जोडसुद्धा होता.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल ही भानगडच नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. तेवढ्यात 'पायऱ्या' नावाचं फोल्डर आलं.

युनिकोडमध्ये ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध ऱ, किंवा साधा र आणि खाली वेगळा नुक्ता. मॅकची जुनी फाइल सिस्टीम प्रत्येक ऱ फोडूनच ठेवायची. लिनक्स तुम्ही द्याल तो घेतं. गिट पाहतं फक्त बाइट, म्हणजे अक्षरामागे साठवलेले आकडे. परिणामी एकाच रेपोमध्ये दोन 'पायऱ्या' शेजारी शेजारी नांदू लागल्या. भिंग लावलं तरी फरक दिसेना. एक काढली की वापरणारा विचारणार, काढलेली अजून दिसते कशी? २०१२ साली गिटमध्ये मॅकसाठी यावर एक सेटिंग आली, पण आमचं टूल फोल्डर स्वतः वाचत असल्याने तिचा आम्हाला उपयोग शून्य.

त्यात गिटची एक खोड. इंग्रजीबाहेरचं अक्षर दिसलं की ते मूळ सेटिंगनुसार आकडे छापतं. नुसता र म्हणजे ३४०, २४४, २६०, प्रत्येकाआधी उलटी तिरकी रेघ. आमचं टूल ते आकडेच नाव समजून फाइल शोधत फिरायचं आणि प्रामाणिकपणे कळवायचं: फाइल सापडत नाही. उपाय असा की गिटकडे नावं कच्च्या बाइटमध्ये मागायची आणि दोन नावांमध्ये शून्य बाइट घ्यायचा. शून्यच का? कारण लिनक्सवर फाइलच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं. नवी ओळसुद्धा. फाइलच्या नावात एंटर मारणारा माणूस मी पाहिलेला नाही, पण त्याचा बग रिपोर्ट पाहिला आहे.

रिकामं फोल्डर गिट लक्षात ठेवत नाही, त्यावरचे वाद मी वगळतो. नाव बदलल्याची नोंदही ते ठेवत नाही. निम्म्याहून जास्त मजकूर जुळला की 'हीच ती' असं अंदाजाने ठरवतं. वर लांबलचक लायसन्स आणि खाली दोन ओळी कोड असलेल्या फाइली त्याला सगळ्या भावंडंच वाटतात.

एवढं सगळं दुरुस्त झाल्यावर टेस्टिंग सांभाळणारी सहकारी म्हणाली, "अरे, टेस्ट कुठे आहेत? आणि नमुन्याच्या फाइली खऱ्याच हव्यात हं, रेपोमध्ये ठेवलेल्या." ठेवल्या. कॅपिटल-स्मॉलची जोडी, दोन्ही पायऱ्या, नावात एंटर असलेली ती फाइल, आणि डॉसच्या काळापासून विंडोजने स्वतःसाठी राखून ठेवलेल्या 'ऑक्स' नावाचीही एक.

दुसऱ्या दिवशी विंडोजवाल्या मित्राचा निरोप: "तुमचा रेपो क्लोनच होत नाहीये."

बैठक झाली. ठरलं असं, की नमुन्याच्या फाइली रेपोतून काढायच्या, टेस्ट चालताना त्या तयार करायच्या, आणि विंडोजवर त्या तयार होत नसल्याने तिथे या टेस्ट वगळायच्या. आता विंडोजवर आमच्या सगळ्या टेस्ट पास होतात.