मोर्चाच्या पत्रकाला घर

शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या मुख्य ग्रंथालयाला रिचर्ड डेली यांचं नाव आहे. डेली हे शहराचे महापौर होते. १९६१ साली त्यांनी हॅरिसन आणि हॉल्स्टेड रस्त्यांलगतची वस्ती पाडून तिथे विद्यापीठ उभारायचं जाहीर केलं. इटालियन, ग्रीक, मेक्सिकन कुटुंबांची ती जुनी वस्ती होती. तिथल्याच फ्लॉरेन्स स्काला यांनी शेजारणींना सोबत घेऊन महापौरांच्या कचेरीत ठिय्या दिला, खटला सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत नेला, आणि त्या हरल्या. १९६५ साली नव्या इमारतींत वर्ग सुरू झाले. स्कालाबाईंच्या त्या लढ्याचे कागद आज याच विद्यापीठात, डेलींचं नाव असलेल्या याच ग्रंथालयात जपलेले आहेत. ज्यांनी वस्ती उठवली त्यांनीच उठवलेल्यांची बाजू सांभाळली आहे, आणि मागेल त्याला ती वाचायला मिळते.

महाराष्ट्रात एखादी जुनी संस्था पन्नाशी किंवा शंभरी गाठते तेव्हा तिच्या कागदांवरून ठरलेला वाद होतो. एक बाजू म्हणते, सगळं स्कॅन करून टाका, गठ्ठ्यांची जागा मोकळी होईल. दुसरी म्हणते, कागद संस्थेच्या दाराबाहेर जाता कामा नयेत, विद्यापीठात गेले की परत दिसायचे नाहीत. वाद चालू असताना स्मरणिका निघते, तिच्यासाठी काढलेले फोटो छापखान्यातून परतत नाहीत, आणि पुढच्या रंगकामात कपाट रिकामं होतं. माझ्या मते दोन्ही बाजू चुकतात. कागद संस्था जिवंत असतानाच, लेखी करार करून विद्यापीठाकडे द्यावेत. विद्यापीठानेही ते घेताना स्वतःविरुद्धचे कागद आधी मागावेत.

‘संस्था जिवंत असतानाच’ यावर माझा भर आहे, त्याला कारण हल हाउस. जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ साली सुरू केलेलं हे सेवाकेंद्र त्याच पाडलेल्या वस्तीत होतं. त्याच्या तेरा इमारतींपैकी दोन वाचल्या. संस्थेचं काम शहरात इतरत्र चालू राहिलं आणि जानेवारी २०१२ मध्ये पैशाअभावी ती बंद पडली. तिचे जुने कागद कित्येक वर्षं आधीपासून विद्यापीठात होते, म्हणून आज अभ्यासाला मिळतात. बंद पडणाऱ्या संस्थेत शेवटच्या आठवड्यात पगार, देणी आणि किल्ल्या यांचीच धावपळ असते. दप्तर कोण बघणार?

या गोष्टीचा मुंबईशी संबंध आहे. शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईला आले आणि त्यांनी हल हाउसच्याच धर्तीवर नागपाडा नेबरहुड हाउस चालवलं. टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ साली तिथेच सुरू झाली. आणि या मिशनच्या नगर, सोलापूर, (नगर जिल्ह्यातलं) वडाळा, साताऱ्याच्या शाळा-दवाखान्यांचा पत्रव्यवहार वाचायचा तर हार्वर्डचं हॉटन ग्रंथालय गाठावं लागतं. तिथे तो आहे याचा आनंद आहेच. पण नगरच्या मुलीला आपल्या पणजीच्या शाळेचा अहवाल बघायला बोस्टनची वाट धरावी लागते, हे मला सलतं.

आता करार. कार्यकारी मंडळाच्या सभेत सूचक-अनुमोदकासह ठराव करून तो प्रोसिडिंग बुकात नोंदवायचा. करारात स्पष्ट लिहायचं की कागद बक्षीस दिले की नुसते ठेवायला दिले, कोणते किती वर्षं बंद राहतील, संस्थेला प्रती कशा मिळतील, आणि विद्यापीठाला नको असलेलं रद्दीत न जाता परत येईल. पत्राचा कागद संस्थेचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा राहतो, त्याच्या मृत्यूनंतरही अनेक वर्षं. हे लिहिलं नाही की पुढे छापताना अडतं. सोबत यादी हवी, पण पानापानाची नको. ‘महिला समुपदेशन, १९८४ ते ८७, ३ फाइली’ इतकं पुरतं. फायली विषयवार नव्याने लावायचा मोह टाळावा. सचिवांनी ज्या क्रमाने ठेवल्या, तो क्रमही पुरावाच असतो. संपाच्या पत्रकाला लागून देणगीची पावती का होती, हे क्रम मोडल्यावर कळत नाही.

सगळ्यात अवघड असतात माणसांच्या फाइली. आश्रमातल्या बाईची हकिगत, वसतिगृहातल्या मुलाचा शिस्तभंगाचा कागद. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या नोंदींना १९७४ च्या कायद्याचं संरक्षण आहे, आणि मदत घेणाऱ्यांच्या फाइली अनेक अभिलेखागारं ७५ वर्षं बंद ठेवतात. अभ्यासकाला नावं न छापण्याची लेखी हमी देऊन त्या बघता येतात. आपल्याकडे ‘भानगड नको’ म्हणून अशा फाइली जाळल्या जातात. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधन आणि अभिलेख जतनासाठी सवलत आहे, तेव्हा जाळण्याला कायद्याचं निमित्तही उरत नाही. बंद ठेवा, तारीख घाला, पण ठेवा. त्या बाईच्या नातीला एक दिवस ते वाचायचा हक्क आहे.

प्रत्यक्ष जपणुकीत मात्र अमेरिकेची नक्कल जशीच्या तशी चालणार नाही. तिथे २००५ पासून असा विचार रुजला की प्रत्येक टाचणी काढत बसू नये, घनफुटामागे सरासरी चार तासांत काम उरकावं आणि खोका वाचकांसाठी खुला करावा. थंड, कोरड्या खोलीत टाचणी गंजत नाही, म्हणून हे जमतं. रत्नागिरीच्या पावसाळ्यात तीच टाचणी थोड्याच वर्षांत कागदाला भोक पाडते. आपल्याकडे टाचण्या, रबरबँड, प्लास्टिकच्या पिशव्या काढायलाच हव्यात. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. म्हणून रॅक भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून सहा इंच वर हवा आणि पंखा चालू हवा. लॅमिनेशन कधीच करू नये, सेलोटेप लावू नये, फोटोमागे बॉलपेनने नव्हे तर मऊ पेन्सिलीने लिहावं. फॅक्सचा चकचकीत कागद आणि यंत्रातून निघणाऱ्या थर्मल पावत्या यांवरची अक्षरं उडून जातात, त्यांची झेरॉक्स आजच काढावी. भिजलेले कागद उन्हात टाकू नयेत, सावलीत पंख्याखाली वाळवावेत.

आणि स्कॅनिंग? एका घनफुटाच्या खोक्यात दोन हजारांच्या आसपास पानं मावतात. वीस खोक्यांची चाळीस हजार झाली. ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) रंगीत ए-फोर पानाची न दाबलेली फाइल सुमारे २६ एमबीची, म्हणजे सगळं मिळून एक टेराबाइट. तीन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या गावी. पानाला मिनिटभर धरलं तरी साडेसहाशे तासांवर काम जातं, आणि फाइलचं नाव ‘स्कॅन-००१’ असलं तर तेही वाया. हार्ड डिस्क काही वर्षांनी बदलावी लागते. चांगला कागद शंभर वर्षं टिकतो. स्कॅन वाचण्यासाठी करावं. ते झालं म्हणून कागद टाकू नये.

अमेरिकेतही सगळं आलबेल नाही. उघडायचे राहिलेले खोके तिथेही साठतात, अनुदान आटलं की आधी अभिलेखपालाची जागा जाते, आणि वस्त्यांना विद्यापीठांचा विश्वास वाटत नाही तो काही उगाच नव्हे. पण स्कालाबाईंचे कागद तिथे पोचले.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा १९७८ च्या विधिमंडळाच्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत चालला. १९७९ चा नागपूरहून निघालेला लाँग मार्च, जळालेल्या वस्त्या, आणि ठरावाला विरोध करणाऱ्यांची निवेदनंसुद्धा. त्यातली सायक्लोस्टाइल पत्रकं, वर्गणीच्या पावत्या, अटकेच्या याद्या आज घराघरांतल्या ट्रंकांत आहेत, आणि ज्यांनी त्या ठेवल्या ती पिढी सत्तरी ओलांडते आहे. महाराष्ट्राच्या प्रत्येक विद्यापीठाने आपल्या आवारात आणि आवाराबाहेर झालेल्या आंदोलनांचे असे कागद मागणारं पत्र यंदा काढावं. पत्रात पहिल्याच ओळीत सांगावं की आमच्याविरुद्धचेही घेऊ, करार देऊ, पोच देऊ. ट्रंक उघडायला पावसाळ्यानंतरचे, दिवाळी ते होळीचे कोरडे महिने बरे.