आनून म्हणजे नरक नव्हे

फँटसी वाचणाऱ्यांना अराउन हे नाव कुठे ना कुठे भेटलेलं असतं, आणि बहुतेकदा खलनायक म्हणूनच. मृत्यूचा स्वामी, प्रेतांची फौज बाळगणारा. वेल्सच्या पुराणकथांतला परलोक 'आनून' हे त्याचं राज्य, म्हणून आनून म्हणजे नरक, असा समज घट्ट बसलाय. मला तो मनापासून खटकतो. मूळ कथेतल्या अराउनइतका सभ्य राजा मी फार कमी कथांत पाहिलाय.

मॅबिनोगी ही वेल्सची जुनी कथामाला, तिच्या चार भागांना 'शाखा' म्हणतात. पहिल्या शाखेची सुरुवातच बघा. नैर्ऋत्य वेल्समधल्या दवेदचा राजा प्विल ग्लिन कीखच्या रानात शिकारीला जातो आणि आपल्या माणसांपासून चुकतो. पुढ्यात अनोळखी कुत्र्यांनी एक हरीण पाडलेलं असतं. कुत्री पांढरीशुभ्र, कान लालभडक. प्विल त्यांना हुसकावतो आणि त्या हरणावर स्वतःची कुत्री सोडतो. तेवढ्यात घोड्यावरून त्या पांढऱ्या कुत्र्यांचा मालक येतो, तोच अराउन. तो तलवार उपसत नाही. म्हणतो, मी सूड घेणार नाही, पण शंभर हरणांच्या मोलाची तुझी बदनामी करीन. प्विल भरपाई काय करू म्हणून विचारतो, आणि करार ठरतो: वर्षभर दोघांनी एकमेकांचं रूप घेऊन एकमेकांचं राज्य चालवायचं, आणि वर्ष सरताना प्विलनं अराउनचा शत्रू हाव्गान याला एकाच घावात संपवायचं. हाव्गाननं कितीही विनवलं तरी दुसरा घाव घालायचा नाही, कारण दुसरा बसला की तो उद्या पुन्हा ठणठणीत होतो.

मला या कथेत सर्वांत थोर वाटतं ते या लढाईच्या आधीचं वर्ष. अराउननं राणीचीही मुभा दिलेली असते. प्विल रोज रात्री तिच्या शेजारी झोपतो आणि तिच्याकडे पाठ करतो. दिवसा तिच्याशी प्रेमानं बोलतो, रात्री चकार शब्द नाही. वर्षानंतर खरा अराउन परततो, तिला जवळ घेतो, तेव्हा ती विचारते, वर्षभर काय झालं होतं? तेव्हा कुठे त्याला कळतं, आपल्याला कसला मित्र मिळालाय. इकडे प्विल दवेदला येऊन सरदारांना विचारतो, माझा गेल्या वर्षीचा कारभार कसा होता? ते म्हणतात, इतका चांगला कधीच नव्हता. प्विल खरं काय ते सांगून टाकतो, आणि ते म्हणतात, मग तोच कारभार पुढे चालू ठेवा. परलोकाच्या राजानं माणसांना चांगलं राज्य करून दाखवलं! फँटसीनं हे सोडून काळा किल्ला का उचलला?

याचं बरंचसं उत्तर अमेरिकन लेखक लॉइड अलेक्झांडर यांच्या प्रिडेन या फँटसी मालिकेत आहे. दुसऱ्या महायुद्धात लष्करी प्रशिक्षणासाठी ते वेल्समध्ये होते. १९६४ ते १९६८ या काळात त्यांची पाच पुस्तकं आली, शेवटच्याला बालसाहित्याचं न्यूबेरी पदक मिळालं. ही पुस्तकं मला अतिशय प्रिय आहेत. पण त्यांनी अराउनला सरळ मृत्यूचा सम्राट केलं, आणि मेलेल्यांना उठवणारी कढई त्याच्या पदरात टाकली. दुसऱ्या शाखेत ती कढई आयर्लंडमधल्या एका तळ्यातून वर आलेली आहे. तिच्यातून उठलेले योद्धे लढतात, पण मुके असतात. आनूनची कढई वेगळीच. राजा आर्थर 'प्रिद्वेन' जहाजातून आनूनवर स्वारी करतो, त्या जुन्या कवितेत ती आहे. नऊ कुमारिकांच्या श्वासावर ती तापते, आणि भित्र्याचं अन्न तिच्यात शिजत नाही. तीन जहाजं भरतील इतके लोक गेले, परतले सात.

काळोख जुन्या ग्रंथांत अजिबातच नाही, असं नाही. 'किल्हूख आणि ओल्वेन'च्या कथेत आनूनचे राक्षस आहेत, आणि त्यांनी जग उद्ध्वस्त करू नये म्हणून देवानं त्यांचा आवेश ग्विन आप निथ या योद्ध्यात कोंडलाय. ख्रिस्ती काळात वेल्समध्ये ही नजर होतीच. म्हणजे अलेक्झांडर यांनी शून्यातून काही रचलं नाही. पण दोन रंगांतला एकच पुढे आला, याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडेही पाताळ म्हटलं की अंगावर काटा येतो, पण विष्णुपुराणातला नारद पाताळ पाहून येतो आणि ते स्वर्गाहून रमणीय असल्याचं सांगतो.

आणखी एक. परलोकात गेलं की काळाचा हिशेब चुकतो, हे आज फँटसीत ठरूनच गेलंय. वेल्श कथांतही तसं आहे: दुसऱ्या शाखेत ग्वालेस बेटावर सात जण ऐंशी वर्षं काढतात आणि त्यांना दुःख आठवत नाही, वय जाणवत नाही. पण आनूनमधलं वर्ष हे नेमकं वर्षच असतं. तिथे जायला जादूचा दरवाजाही लागत नाही. अराउन वाट दाखवायला सोबत येतो आणि दोघे घोड्यावरून जातात. शेजारचंच राज्य आहे ते, आणि शेजारधर्म पाळावा लागतो.

तो धर्म पुढे मोडतो कोण, तेही बघा. अराउन प्विलच्या मुलाला, प्रदेरीला, डुकरं भेट पाठवतो. चौथ्या शाखेत ग्विद्यॉन हा जादूगार ती कपटानं पळवतो, युद्ध पेटतं, प्रदेरी मारला जातो. या साऱ्यात आनूनच्या कुणाचाही हात नाही.

एव्हँजेलिन वॉल्टन यांनी चारही शाखांवर कादंबऱ्या लिहिल्या, त्यातली 'प्रिन्स ऑफ आनून' (१९७४) याच प्विलची. मूळ वाचायचं असेल तर सिओनेड डेव्हिस यांचा २००७चा इंग्रजी अनुवाद घ्या. पहिली शाखा एका बैठकीत होते. वाचलीत तर राणीकडे पाठ करून झोपणाऱ्या प्विलबद्दल तुम्हाला काय वाटलं, ते इथे जरूर लिहा.