‘फोड वाळले म्हणजे हर्पीस गेला’ : एका संदेशाचा प्रतिवाद

जननेंद्रियांच्या हर्पीसबद्दल, म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आणि फोड आणणाऱ्या विषाणूजन्य आजाराबद्दल, एक संदेश सध्या सर्रास पुढे पाठवला जातो. फोड वाळले की आजार संपतो, फोड नसताना जोडीदाराला लागण होत नाही आणि झालीच तर जोडीदाराने नुकताच विश्वासघात केला असे समजावे, असे त्यात म्हटले आहे. ही तिन्ही विधाने चुकीची आहेत.

खपली पडून कातडी पूर्ववत होते, एवढे पहिल्या विधानात खरे आहे. पण तोवर हर्पीस सिम्प्लेक्सचा विषाणू मज्जातंतूंमधून वर सरकून पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेल्या चेतापेशींत सुप्तावस्थेत जाऊन बसलेला असतो. ॲसायक्लोव्हिरसारखी औषधे त्याची वाढ रोखतात, मात्र सुप्त विषाणूला समूळ काढणारे औषध आज नाही. तो पुन्हा उसळण्याआधी अनेकांना त्याच भागात मुंग्या येतात किंवा आग होते.

दुसरे विधान सर्वांत घातक आहे. कातडी निरोगी दिसत असतानाही विषाणू अधूनमधून तिच्या पृष्ठभागावर येतो आणि बऱ्याच लागणी नेमक्या अशा वेळी होतात, कारण बहुतेक बाधितांना आपल्याला संसर्ग आहे हेच ठाऊक नसते. निरोधाने धोका घटतो. पण तो सगळी कातडी झाकत नसल्याने पूर्ण टळत नाही. शिवाय या विषाणूच्या दोन प्रकारांपैकी मुख्यतः जननेंद्रियांना बाधणाऱ्या टाइप २ चा संसर्ग असलेल्या व्यक्तीला एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता सुमारे तिप्पट असते.

विश्वासघाताचा निष्कर्ष तर निव्वळ उतावळेपणाचा आहे. पहिले फोड लागणीनंतर कित्येक वर्षांनीही दिसू शकतात; ओठांवर फोड आणणारा टाइप १ मुखमैथुनातून जननेंद्रियांपर्यंत पोहोचतो. रक्तातील प्रतिपिंडांची (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांची) चाचणी लागण कधी आणि कोणाकडून झाली हे सांगत नाही, उलट कधीकधी संसर्ग नसतानाही ती पॉझिटिव्ह येते. निदानासाठी ताज्या फोडातील स्रावाची पीसीआर तपासणी, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, अधिक भरवशाची असते.

गरोदरपणाचा मात्र संदेशात उल्लेखही नाही. शेवटच्या तिमाहीत आईला पहिल्यांदाच लागण झाली, तर बाळाला देण्याइतकी प्रतिपिंडे तिच्या शरीरात तयार झालेली नसतात आणि नवजात बाळाचा हर्पीस जिवावर बेतू शकतो. जुना संसर्ग असल्यास धोका पुष्कळ कमी असतो. तरीही डॉक्टरांना तो आधीच सांगावा, म्हणजे शेवटच्या आठवड्यांत औषध सुरू करता येते आणि कळा सुरू होताना फोड दिसले, तर सिझेरियनचा निर्णय वेळेत घेता येतो.