पहिल्या वर्षी विंगेतच का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयाच्या नाट्यमंडळात नव्याने येणाऱ्यांनी पहिल्या वर्षी भूमिकेचा हट्ट न धरता एक तरी एकांकिका बॅकस्टेजला, म्हणजे पडद्यामागे, राहून करावी, असे मी गेल्या लेखात लिहिले होते. हा सल्ला सिनियर्सच्या सोयीचा आहे, असे तुमचे म्हणणे. तुमच्या मंडळात पहिल्या वर्षाची मुले दोन महिने लेव्हल (रंगमंचावरचे लाकडी चौथरे) उचलतात, चहा आणतात, मुली कपड्यांना इस्त्री करतात आणि प्रयोग संपला तरी आपण नेमके काय केले हे त्यांच्यापैकी कोणाला सांगता येत नाही, असे तुम्ही लिहिलेत. तुमचा राग मला पटतो. लेखात ही बाजू यायलाच हवी होती, कारण मी विद्यार्थिनी असताना आमच्या मंडळातही वेशभूषा आणि रंगभूषा ही मुलींचीच कामे मानली जात आणि प्रकाशयोजनेकडे आम्हाला फिरकू देत नसत.

तरीही तो सल्ला मागे घ्यावा असे मला वाटत नाही. पहिल्या वर्षी मला संगीताची जबाबदारी मिळाली, ती नेहमीचा मुलगा ऐन वेळी आजारी पडल्यामुळे. तेव्हा कॅसेटी होत्या; प्रत्येक क्यूची, म्हणजे आवाज द्यायच्या ठरलेल्या जागेची, कॅसेट वेगळी, आणि ती पेन्सिलीने फिरवून नेमक्या जागी आणून ठेवायची. एकांकिकेच्या शेवटी वडील गावाबाहेर निघालेल्या मुलाची ट्रंक भरतात, कडी लावतात, आणि कडी वाजल्यावर तीनपर्यंत मोजून मी रेल्वेची शिट्टी द्यायची, असे ठरले होते. प्रयोगात कडी वाजली, मी तीन मोजले आणि शिट्टी दिली. नेमकी तेव्हाच त्या नटाने कडी पुन्हा उघडली होती, कारण एका शर्टाची बाही बाहेर राहिली होती. ती आत सारून, वरून हात फिरवून तो ट्रंक पुन्हा लावत होता. तालमीत कधीही न घडलेली, त्याच संध्याकाळी त्याला सुचलेली ती कृती माझ्या शिट्टीने वाया गेली. दिग्दर्शक नंतर एवढेच म्हणाले, "तू कडी ऐकलीस, त्याच्याकडे पाहिलं नाहीस." पुढे भूमिका करताना समोरच्याचे वाक्य संपण्याची वाट न पाहता त्याच्याकडे पाहण्याची सवय मला लागली, ती त्या चुकीमुळे. थेट भूमिकेपासून सुरुवात केली असती, तर मी बहुधा स्वतःची वाक्येच पाठ करत बसले असते.

म्हणूनच बॅकस्टेज आणि हमाली यांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो, आणि तो ओळखणे अवघड नाही. दिवे चालवणाऱ्या किंवा प्रॉपर्टी (प्रयोगात लागणाऱ्या वस्तू) सांभाळणाऱ्या मुलाच्या हातात संहितेची प्रत आहे का, पहिल्या वाचनाला त्याला बसवले होते का, एखादा नट तालमीला आला नाही तर त्याची प्रॉक्सी त्याला करू देतात का, आणि अमुक ब्लॅकआउट (रंगमंचावर पूर्ण अंधार) इथेच का, असे त्याने विचारल्यावर त्याला उत्तर मिळते का, एवढे पाहावे. यातले काहीच होत नसेल, तर तुमचा आक्षेप शंभर टक्के खरा आहे, आणि अशा मंडळात पहिल्या वर्षाच्या मुलांनी जुलैतच एकत्र जाऊन प्रती मागाव्यात, असे मी आज नि:संकोच लिहीन. कामांची वाटणी मुलगा-मुलगी पाहून होत असेल, तर त्याविरुद्ध बोलायला पहिले वर्ष हे वय लहान नाही.

स्पर्धेबद्दल तुम्ही विचारले आहे, की करंडकाचे ध्येय नसेल तर ही धावपळ कशासाठी. 1963 पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेने पुण्यातल्या कितीतरी पिढ्यांना नाटकाकडे ओढले, हे मी नाकारत नाही. भरत नाट्य मंदिराबाहेर लागणारे निकाल ऐकण्यासाठी मीही उभी राहिले आहे. मात्र 2022 साली परीक्षकांनी तो करंडक कोणत्याच संघाला दिला नाही, आणि त्या वर्षी नाटक करणाऱ्या मुलांच्या हाती काही उरलेच नाही, असे मला म्हणवत नाही. माझी तक्रार आहे ती परीक्षकांना काय आवडेल हे ताडून संहिता निवडण्याच्या पद्धतीबद्दल. त्यात विषय मुलांचा राहत नाही, आणि जो विषय आपला नाही त्याच्या तालमी दोन महिने करणे फार कंटाळवाणे होते.

तालमींमुळे बुडणाऱ्या हजेरीचा मुद्दा मी लेखात मांडला तसाच ठेवते. 75 टक्के हजेरीची अट परीक्षेला बसताना आड येते, आणि तेव्हा धावपळ विद्यार्थ्यालाच करावी लागते.

शेवटी तुम्ही विचारलेत की पहिल्या वर्षाच्या मुलाला खरोखर जबाबदारीचे, पण चहा-हमालीचे नसलेले कोणते काम देता येईल. एक काम बहुतेक मंडळांत शेवटच्या आठवड्यापर्यंत रखडते: लेखकाची लेखी परवानगी मिळवणे आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाच्या प्रमाणपत्रासाठी संहिता पाठवणे. ते पहिल्या वर्षाच्या दोघांकडे जुलैमध्येच सोपवावे. त्यासाठी संहिता नीट वाचावी लागते, तिची स्वच्छ प्रत काढावी लागते आणि जमल्यास लेखकाशी बोलावेही लागते. मूळ लेखात ही सूचना आणि प्रतींबद्दलचा तुमचा मुद्दा, दोन्ही मी आज जोडले आहेत.