अण्णा कशात टिकले नाहीत म्हणे!

आज माझ्या सासऱ्यांचं तेरावं झालं. पंगत उठली, विडे वाटून झाले आणि बाहेरच्या खोलीत बसलेल्या आमच्याच एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी सुस्कारा सोडला, "माणूस हुशार होता हो, पण कशात टिकला नाही. एकच काहीतरी धरून बसला असता तर नाव काढलं असतं." चार जणांनी माना हलवल्या. मी आत भांडी आवरत होते. पाहुण्यांसमोर बोलले नाही. इथं बोलते. लांब होईल, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

कशात टिकले नाहीत? दोन बहिणींची लग्नं लावली, तीन पोरं शिकवली, अंथरुणाला खिळलेल्या आईचं शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं केलं. गिरणी बंद पडली तेव्हा सोलापुरात किती घरांची दैना झाली ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. अण्णा दुसऱ्याच आठवड्यात एका चादर कारखान्यात कार्ड पंचिंगला, म्हणजे नक्षीच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायच्या कामाला लागले. याला टिकणं नाही तर काय म्हणतात?

पण त्या गृहस्थांना हे म्हणायचंच नव्हतं. त्यांना खुपत होते अण्णांचे नाद. पेटी म्हणजे हार्मोनियम, तिची दुरुस्ती, पक्षी, कन्नड, बुद्धिबळ, गच्चीवरचे गुलाब.

माझं लग्न नवीन होतं तेव्हाची एक रात्र सांगते. अण्णांनी कुणाची तरी पेटी खोलून ठेवलेली. वर्तमानपत्रावर पितळी सूर ओळीनं मांडलेले, भाता एका बाजूला. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, वैतागलेल्या, कारण जेवायला बसायलासुद्धा जागा नाही. तेवढ्यात साखर पेठेतल्या एका कारखान्याचा मुलगा धापा टाकत आला. चादरीवर मोर विणताना प्रत्येक मोराच्या चोचीला एक नको ती रेघ येत होती, आणि सकाळी माल द्यायचा होता. अण्णा उठले, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "चल पोरी, तुला जॅकार्ड दाखवतो." नव्या सुनेला रात्री कारखान्यात नेतात का, म्हणून आत्या मागून ओरडत राहिल्या. मी गेले.

जॅकार्ड म्हणजे मागावर नक्षी विणायची यंत्रणा. तिथं मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा. कार्डाला जिथं भोक, तिथला उभा धागा वर उचलला जातो, भोक नसेल तर खालीच राहतो. सगळी नक्षी त्या भोकांत. अण्णांनी चादर दिव्याखाली धरली, भिंग लावलं आणि काठापासून आडवे धागे मोजत चोचीपर्यंत आले. जितक्यावा धागा, तितक्या नंबरचं कार्ड. ते काढलं, तर त्यात एक भोक जास्तीचं. कारखान्यातल्या बाईकडून कणकेची खळ करून घेतली, कागदाचा तुकडा चिकटवला, वाळू दिला आणि माग सुरू करायला सांगितला. पुढचा मोर स्वच्छ उतरला. मागावरचा मास्तर तेलुगूत काहीतरी म्हणाला, अण्णांनी तेलुगूतच उत्तर दिलं आणि दोघं खळखळून हसले. काय म्हणाले ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही.

घरी आलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. उरलेली खळ ते वाटीत घेऊन आले होते. त्याच खळीनं त्यांनी पेटीच्या भात्याची चीर बुजवली आणि मगच झोपले.

आता सांगा, याच्यातलं कुठलं काम सोडायला हवं होतं नाव काढायला?

हो, घरात पैसा कमी पडला. आत्यांनी रात्र रात्र शिलाई मशीन चालवली, त्यांचा राग रास्तच होता. ते बोलायचा हक्क फक्त आत्यांना आहे. आणि त्या आज काय करत होत्या? कुणीतरी अण्णांची पुठ्ठ्यांची थप्पी रद्दीत टाकायला निघालं होतं, ती त्यांनी हिसकावून घेतली आणि मांडीखाली घेऊन बसल्या.

ती थप्पी त्या रात्रीपासूनची. कारखान्याचा मालक पैसे देत होता, अण्णांनी तेवढे मजुरीपुरते घेतले आणि वर जुनी बाद कार्डं मागून घेतली. मला वाटलं चुलीला. त्या कार्डांवर ते माळढोक पक्ष्याच्या नोंदी करायचे. एसटीनं सोलापूरजवळच्या नान्नजला जायचे, गळ्यात जुनी दुर्बीण, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. १९७९ साली तिथं अभयारण्य झालं ते त्याच पक्ष्यासाठी. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, तो आवाज अण्णा आम्हाला जेवताना काढून दाखवायचे आणि पोरं ताट सोडून हसायची. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या माळावर, हे सांगताना मात्र त्यांचा आवाज उतरायचा.

आज मी ती कार्डं चाळली. भोकं चुकवत चुकवत बारीक अक्षरात लिहिलंय. "नर एक, माद्या दोन. गवत गुडघाभर." "नर घुमला. पाऊस अजून नाही." नंतरनंतरची कार्डं नुसतीच: "दिसला नाही." "दिसला नाही." तरी जात राहिले. कशात टिकले नाहीत म्हणे!

मला सकाळी जेवढा राग होता तेवढा आता राहिलेला नाही. त्या गृहस्थांचं तरी काय चुकलं, एकच गोष्ट धरून मोठी झालेली माणसं असतातच, युद्धात चीनमध्ये जखमींवर उपचार करणाऱ्या आपल्या गावच्या डॉ. कोटणीसांचं नाव तिथं अजून घेतात. पण अण्णा दर १२ जानेवारीला माझ्या मुलाला हुतात्मा चौकात घेऊन जायचे आणि इंग्रजांनी १९३१ साली त्याच दिवशी फाशी दिलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे यांची चार नावं त्याच्याकडून मोठ्यानं म्हणवून घ्यायचे. स्वतःचं नाव कुठं लागावं असं त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. लगेच पुढच्या दिवसांत गड्डा, म्हणजे आमच्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची, संक्रांतीची जत्रा. मिरवणुकीतले उंच नंदीध्वज बघायला हाच नातू खांद्यावर. सिद्धरामेश्वरांची वचनं मूळ कन्नडमधून वाचायची म्हणून केस पांढरे झाल्यावर पाटी घेऊन कन्नड अक्षरं गिरवली, आणि शेजारच्या पहिलीतल्या पोरीकडून तपासून घेतली! ती पोर आज स्वयंपाकघरात माझ्याशेजारी उभी राहून पोळ्या लाटत होती. नातेवाइकांमधल्या कुणाला ती कोण हेसुद्धा माहीत नव्हतं.

किती माणसं आली होती आज. भजनी मंडळातले, मागावरचे, एसटीचे एक निवृत्त कंडक्टर, फुलांच्या रोपांसाठी येणाऱ्या दोघी बहिणी. यांतलं कुणी कुणाला ओळखत नव्हतं. प्रत्येकजण सांगत होता, "अण्णा आमचेच."

एक कामाचं. अण्णांच्या खाटेखाली अजून तीन पेट्या आहेत. प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली आहे, एक बाळीवेशीतली, एक होटगीची, एकीवर फक्त "काळी दोन कमी बोलते" एवढंच लिहिलंय. ज्यांच्या असतील त्यांनी घेऊन जाव्यात. पहिल्या दोन्हींचे सूर घासून झालेत, होटगीवाल्या पेटीच्या भात्याला चीर आहे, ती मी बुजवून ठेवते. मी संध्याकाळी सहानंतर घरी असते. पैसे आणू नका.